फ्यूज वायर वाचवतो, माणूस नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या इमारतीत आग लागली की बातमीत एक वाक्य हमखास असते: 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.' पावसाळ्यात कुणी मोरीत गिझरने किंवा वॉशिंग मशीनने दगावले, तर 'विजेचा धक्का लागून मृत्यू' एवढ्यावर बातमी आटोपते. मी परवानाधारक वायरमन आहे. गिरगाव, खेतवाडी, ठाकूरद्वार, चिराबाजार या पट्ट्यातल्या चाळींत माझी हयात गेली. अशी बातमी वाचली की मला दोनच प्रश्न पडतात. त्या घरात मीटरच्या पुढे काय होते, किटकॅट (चिनी मातीच्या ग्रिपमधला जुना तारेचा फ्यूज) की एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका)? आणि आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की पुरवठा तोडणारा खटका, होता का? यांची उत्तरे मी कधी छापून आलेली पाहिली नाहीत. तुमच्या वार्ताहरांनी अग्निशमन दलाला आणि पोलिसांना हे दोन प्रश्न विचारायला सुरुवात केली, तरी माझ्या या लांबलेल्या पत्राचे निम्मे काम होईल. तोवर वाचकाला शॉर्टसर्किट म्हणजे नशिबाचा भाग वाटत राहणार.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा आकडा अलीकडे दरवर्षी दहा हजारांच्या वर असतो. त्यातले पुष्कळ शेतातल्या पंपावर, खांबावर, तुटलेल्या तारेखाली गेलेले असतात, हे मान्य. पण घरातल्या मृत्यूंचे वेगळे असे आहे की ते टाळायचे साधन बाजारात मिळते आणि एका दिवसात बसते.

आमच्या भागातल्या खोल्यांत अजून काय दिसते ते सांगतो. दारामागे सागवानी पाट. त्यावर काळा लोखंडी मेन स्विच, बाजूला दांडी असलेला. शेजारी चिनी मातीच्या दोन ग्रिपा, म्हणजेच किटकॅट. ग्रिप ओढून काढली की दोन पितळी पाती, त्यांच्यामध्ये ताणलेली तार आणि तारेखाली कधी कधी पांढरट मऊ पट्टी. ही पट्टी जुन्या मालात ॲस्बेस्टॉसची असे. ती नखाने खरवडू नये, फुंकर मारून साफ करू नये, एवढे या निमित्ताने सांगून ठेवतो.

हे साधन त्याच्या काळात चांगले होते, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. साठ वॅटचा दिवा, एक पंखा, एक रेडिओ, सगळे मिळून एक अँपिअरही होत नसे. आज त्याच दहा बाय पंधराच्या खोलीत दोन किलोवॅटचा गिझर नऊ अँपिअर घेतो, इंडक्शनची शेगडी तितकेच, दीड टनाचा एसी सात-आठ. फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन वेगळे. आता पोरे जिन्याखाली इलेक्ट्रिक स्कूटर लावतात आणि गॅलरीतून वायर सोडून रात्रभर चार्ज करतात. स्कूटर तीन-चार अँपिअरच घेते, पण सलग पाच-सहा तास घेते. जुन्या जोडाला एवढी सवय नसते.

फ्यूजची तार म्हणजे कल्हई केलेली तांब्याची तार. पाच अँपिअरला ०.२ मिलिमीटर जाडीची, पंधराला ०.५ मिलिमीटरची. कार्डावर गुंडाळून मिळायची, अजूनही मिळते, पण आणायला जातो कोण? रात्री साडेदहाला फ्यूज उडाला की घरातला कर्ता माणूस टेबलफॅनच्या जुन्या वायरचे टोक सोलतो आणि त्यातले तांब्याचे पदर ग्रिपला बांधतो. आम्ही ज्याला चाळीस-शहात्तर म्हणतो त्या फ्लेक्सचा एकेक पदर साधारण पाच अँपिअरच्या फ्यूजतारेइतका असतो. एक पदर बांधला तर गोष्ट वेगळी. एक बांधला की तासाभरात पुन्हा उडतो, मग तीन, मग सहा.

मागच्या गणपतीत एका चाळीच्या सामाईक बोर्डावरची ग्रिप मी काढली. मंडपाचे हॅलोजन, स्पीकर, रोषणाई, सगळे त्या एका ग्रिपवर. आत पीळ घातलेल्या पदरांची चांगली जाड दोरी, दोन्ही स्क्रूंना वेढे मारून घट्ट आवळलेली. चिनी मातीवर काजळी. डावीकडचे पाते तापून निळसर झालेले. चिमट्यात धरायच्या पट्टीचा ताण पूर्ण गेलेला, ग्रिप नुसती टेकून उभी. मंडळाचा एक कार्यकर्ता अभिमानाने म्हणाला, "काका, मागच्या वर्षीपासून एकदाही उडाला नाही." उडणार कसा? त्या ग्रिपमध्ये उडण्यासारखे काही ठेवलेच नव्हते. पुढे उडायची पाळी भिंतीतल्या वायरची, आणि ती लाकडी पट्टीवरून पोटमाळ्याला चिकटून गेलेली.

योग्य तार बांधली तरी किटकॅटची मर्यादा राहतेच. अशा फ्यूजची तार वितळायला तिच्या ठरवलेल्या करंटच्या जवळजवळ दुप्पट करंट लागतो. पंधराचा फ्यूज पंचवीस अँपिअर बराच वेळ मुकाट्याने वाहून नेतो आणि तेवढा वेळ वायर तापत राहते. सोळाचा एमसीबी तेवीस अँपिअरला फार तर तासाभरात पडतो आणि खरा शॉर्ट झाला तर डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्याला पदर बांधता येत नाहीत. खटका वर धरून ठेवला तरी आतले संपर्क सुटतातच, तशी त्याची रचना आहे. म्हणून किटकॅट काढा आणि एमसीबी बसवा, हे मी सांगतोच, अगदी आग्रहाने सांगतो.

पण या पत्राचे कारण दुसरेच आहे. हल्ली लोक स्वतःहून बोर्ड बदलून घेतात. पांढरा चकचकीत डबा, त्यात ओळीने सहा-सात एमसीबी, पारदर्शक झाकण. पाहुण्यांना दाखवतात. "आता घर सेफ झालं," म्हणतात. मी झाकण उघडून पाहतो तर दहातल्या बऱ्याच डब्यांत आरसीसीबी नसतोच. आणि त्याच्याशिवाय त्या डब्यातली एकही वस्तू माणसाला शॉक लागताना काही करणार नाही.

हिशेब सोपा आहे. ओल्या अंगाचा अडथळा हजार-दीड हजार ओहम धरा. २३० व्होल्टला अशा माणसाच्या अंगातून दीडशे ते दोनशे तीस मिलिअँपिअर करंट जाईल. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सुटत नाही. तीस-पन्नास मिलिअँपिअर काही क्षण छातीतून गेला तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. आता फ्यूजकडे या. पाच अँपिअर म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. माणूस मोरीत तडफडत असताना फ्यूजच्या किंवा एमसीबीच्या दृष्टीने घरात आणखी एक चाळीस-पन्नास वॅटचा दिवा लागला, एवढेच घडलेले असते. फ्यूज आणि एमसीबी ही दोन्ही वायर वाचवायची साधने आहेत. माणसासाठी ती कधी बनवलीच नव्हती.

माणसासाठी आरसीसीबी. तो जाणारा आणि परत येणारा करंट सतत ताडून पाहतो. फेजमधून गेलेला सगळा करंट न्यूट्रलमधून परत यायला हवा. थोडा जरी दुसऱ्या वाटेने, म्हणजे कुणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला की दोहोंत फरक पडतो आणि तो पुरवठा तोडतो. घरासाठी तीस मिलिअँपिअरचा घ्यायचा. तेवढ्या गळतीला तो ०.३ सेकंदाच्या आत पडला पाहिजे आणि पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात. शंभर किंवा तीनशे मिलिअँपिअरचे मिळतात, ते आगीपासून बचावाला ठीक. दुकानदार शिल्लक माल म्हणून तोच पुढे करतो, तेव्हा डब्यावर '३० एमए' वाचून घ्यावे.

आपल्या घरात तो आहे की नाही हे ओळखायला वायरमन लागत नाही. त्यावर 'टी' लिहिलेले छोटे बटण असते. दोन मॉड्यूल, म्हणजे दोन साध्या एमसीबींइतक्या रुंदीची वस्तू दिसली म्हणून तो आरसीसीबी झाला असे नाही. तेवढ्याच रुंदीचे आयसोलेटर (नुसते मेन स्विच) आणि दोन पोलचे एमसीबीही असतात आणि त्यांवर ते बटण नसते. बटण असले तर दाबून पाहा. खटका खाली पडला आणि घरातली वीज गेली, तर यंत्र जिवंत आहे. दर दोन-तीन महिन्यांनी दाबावे. गॅस सिलिंडर नोंदवण्याइतकेही कष्ट नाहीत त्यात.

आता बटण दाबूनही घरातली वीज गेली नाही तर? खेतवाडीत एका घरी असेच झाले. डबा नवा, कंपनी चांगली, आयएसआय चिन्ह आहे, खटका वर आहे. 'टी' दाबले, खटका पडला, पण दिवे-पंखे चालूच. झाकण काढले. आरसीसीबीला वरून फेज-न्यूट्रल येत होते ते ठीक, पण खालून निघायच्या दोन्ही वायरीही वरच्याच टर्मिनलमध्ये कोंबलेल्या. खालच्या स्क्रूंना काही नाही. म्हणजे आरसीसीबी डब्यात बसलेला, पण कामाला लावलेलाच नाही. काकूंना विचारले, तेव्हा कळले की पावसाळ्यात तो सारखा पडायचा, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा दोनशे रुपयांत "दुरुस्त" करून गेला होता. काकू म्हणाल्या, "अहो दादा, तो डबाच खराब आहे. पाऊस आला की लाईट घालवतो." मी म्हटले, "काकू, पाऊस आला की तुमच्या घरात कुठेतरी करंट उतरतोय, म्हणून तो लाईट घालवत होता."

गॅलरीत वॉशिंग मशीनचे सॉकेट होते. छपराची पन्हळ थेट त्याच्यावर गळत होती. सॉकेट उघडले तेव्हा आतल्या प्लॅस्टिकवर पाण्याचे ओघळ आणि हिरवट गंज. सॉकेट तिथून हलवले, नवी वायर ओढली, आरसीसीबीची जोडणी सरळ केली. त्यानंतर भर पावसातही तो पडल्याचा फोन आलेला नाही.

पडण्याची दुसरी कारणे असतात आणि ती शोधायला वेळ लागतो, म्हणून बायपास करणे हा काही जणांचा धंदाच झाला आहे. आमच्या व्यवसायातल्या लोकांना राग येईल, येऊ दे. जुन्या घरांत सर्वांत मोठी अडचण न्यूट्रलची. पूर्वीच्या कारागिरांनी वायर वाचवायला एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याला उसना दिलेला असतो. पोटमाळ्यावरच्या दिव्याचा फेज एका ठिकाणून, न्यूट्रल भलत्याच ठिकाणून. किटकॅटला त्याचे सोयरसुतक नव्हते. आरसीसीबीला असते, कारण तो दोहोंचा हिशेब मागतो. इन्व्हर्टरचेही तसेच. त्याचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलला जिथे-तिथे जोडून दिला की आरसीसीबी पडणारच. या घरांत डबा बदलण्याआधी प्रत्येक सर्किटचा फेज आणि न्यूट्रल शोधून वेगळा करावा लागतो. दिवसभराचे काम आहे, त्याची मजुरी द्यायला गिऱ्हाईक कुरकुरते आणि मग दोनशे रुपयांवाला मुलगा येतो.

न्यूट्रलचा विषय निघालाच आहे तर जुन्या पाटावरच्या दोन ग्रिपांबद्दल सांगतो, कारण याचा धोका भल्याभल्यांना माहीत नसतो. दोन ग्रिपांपैकी एक फेजवर असते, दुसरी न्यूट्रलवर. समजा न्यूट्रलवरची तार आधी उडाली. घरातले दिवे-पंखे बंद. माणूस समजतो, वीज गेली. प्रत्यक्षात फेज होल्डरपर्यंत, गिझरच्या कॉइलपर्यंत तसाच आलेला असतो, फक्त परतीची वाट तुटलेली. बल्ब काढायला म्हणून हात घातला की परतीची वाट त्या हातातून. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत नियम ३२ ने न्यूट्रलमध्ये असा सुटा फ्यूज घालायला मनाई केलेली होती. तरी आजही मी न्यूट्रलच्या ग्रिपा काढतो आहे. तुमच्या घरात दोन ग्रिपांचा पाट असेल तर दुसरे काही जमो न जमो, परवानावाल्याकडून न्यूट्रलवरची ग्रिप काढून तिथे पक्की लिंक (न उडणारी धातूची पट्टी) बसवून घ्या. ते काम तासाभराचे आहे.

अर्थिंगचा प्रकार त्याहून वाईट. आमच्या चाळींत पूर्वी अर्थची तार पाण्याच्या लोखंडी नळाला क्लॅम्प करून सोडत. ते तेव्हाही योग्य नव्हते, पण नळ जमिनीत गेलेला असल्यामुळे निभावून गेले. गेल्या काही वर्षांत नळ बदलले, प्लॅस्टिकचे आले. प्लंबरने मधला लोखंडी तुकडा काढून सीपीव्हीसी टाकला की वरच्या तीन मजल्यांचे अर्थिंग तिथल्या तिथे तुटले. प्लंबरला त्याचा पत्ता नाही, रहिवाशांना नाही. वर उरलेल्या लोखंडी नळाला मात्र तिन्ही मजल्यांच्या अर्थच्या तारा अजून लटकलेल्याच. मग तिसऱ्या मजल्यावरच्या गिझरची कॉइल फुटली तर करंट नळावाटे दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीत येतो. तोटीला हात लावल्यावर मुंग्या येतात, अशी तक्रार कुणी केली की मी प्रथम नळ बघतो. तोटीला मुंग्या आल्या की वायरमनला त्याच दिवशी बोलवावे, पुढच्या रविवारी नाही. आरसीसीबी अर्थिंग नसतानाही माणसाच्या अंगातून करंट गेला की पडेल, पण त्यासाठी आधी माणसाने तो करंट खावा लागतो. अर्थिंग नीट असेल तर गिझरच्या पत्र्यावर करंट आला त्याच क्षणी तो पडतो, हात लावायच्या आधी. इमारतीसाठी आवारात खड्डा घेऊन नवे अर्थिंग आणि प्रत्येक मजल्यावर त्याची पट्टी, हे सगळ्यांनी मिळून करायचे काम आहे.

वायरिंगबद्दल थोडक्यात. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरींचे आवरण रबराचे असते. वाकवली की रबराचा भुगा हातात येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी पडल्या. त्या स्क्रूखाली दबून सैल होतात, आणि तांब्याला जोडल्या की जोडावर गंज धरून जोड तापतो. अशा वायरींवर नुसता नवा डबा बसवणे मी नाकारतो. आधी पाचशे व्होल्टच्या मेगरने (आवरणातून करंट गळतो का ते मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन तपासायचे. एक मेगाओहमच्या खाली आले तर ती वायर बदलायची. आणि एमसीबी वायर बघून ठरवायचा: दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटरला सहा किंवा दहाचा, अडीचला सोळाचा, एसी-गिझरच्या चारला वीस-पंचवीसचा. "दादा, सारखा पडतो, बत्तीसचा लावा ना," हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. दीडच्या वायरवर बत्तीसचा एमसीबी म्हणजे गणपतीतल्या त्या ग्रिपचाच नवा अवतार, फक्त रंग पांढरा.

एक गोष्ट मात्र फ्यूज, एमसीबी, आरसीसीबी यांपैकी कुणालाच दिसत नाही, ती म्हणजे सैल जोड. सॉकेटमागच्या जोडाला नुसता दशांश ओहमाचा अडथळा आला आणि त्यातून पंधरा अँपिअर गेले, तर त्या एका बिंदूवर बावीस-तेवीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचा सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढाच असतो. तो चालू करून लाकडी पट्टीत खुपसून ठेवल्यासारखे आहे हे. करंट वाढलेला नाही, गळती नाही, कुठलाच खटका पडत नाही. म्हणून प्लग गरम लागला, सॉकेटचा कोपरा पिवळा-तपकिरी झाला, बोर्डातून करपल्याचा किंवा मासळीसारखा वास आला, स्विच दाबताना चरचर झाली की वाट पाहू नये. बातम्यांतल्या 'शॉर्टसर्किट'मधले बरेचसे अशा सैल जोडातून सुरू होते, असा माझा अंदाज आहे. शॉर्ट शेवटी होतो, जोड त्याआधी कित्येक आठवडे तापत असतो.

खर्चाचे विचाराल तर चांगल्या कंपनीचा चाळीस अँपिअर, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी दोन-तीन हजारांत येतो. डबा, सहा-सात एमसीबी आणि मजुरी धरून एका खोलीचे काम दहा ते पंधरा हजारांत बसते, वायरिंग ठीक असेल तर. माल लोहार चाळीतून घ्या किंवा नाक्यावरून, पण पक्के बिल घ्या. एमसीबी आणि आरसीसीबीवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि चिन्हाजवळचा लायसन्स क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून खरा की खोटा ते पाहता येते. नकली माल भरपूर आहे. मी एकदा एक फोडून पाहिला, आत शॉर्टला खटका पाडणारी कॉइलच नव्हती. हातात घेतल्यावर तो हलका लागला होता, म्हणूनच फोडला.

काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे आणि त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट मागावा. मागितलाच नाही तर कुणी देत नाही. मीटर आणि त्याच्या मागचे सीलबंद कटआऊट (कंपनीचा फ्यूज) वीज कंपनीचे, त्याला हात लावायचा नाही. मीटरच्या पुढचे सगळे आपले, ते आपण सांभाळायचे. आमच्याकडे इथेच घोडे अडते. मीटर जिन्याखाली, खोली तिसऱ्या मजल्यावर, मधली चाळीस-पन्नास फूट वायर कुणाची? पागडीचा भाडेकरू म्हणतो मालकाची. मालक म्हणतो, महिन्याच्या भाड्यात चहाचे पैसे सुटत नाहीत, वायर कुठून टाकू. सेस, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींत लोक म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे बोट दाखवतात. मंडळ ठेकेदार पाठवते तेव्हा तुळया, जिने, गॅलऱ्या टेकू लावून उभ्या राहतात, भाडेकरूच्या खोलीतला पाट मात्र तसाच राहतो. माझा अनुभव असा की ज्या चाळीत समितीने सगळ्यांकडून सारखी वर्गणी काढली आणि मीटरपासून खोलीपर्यंतच्या वायरी एकदम बदलल्या, तिथे काम स्वस्तात आणि नीट झाले. एकेकट्याने केले तिथे जिन्यात वायरींचे जंजाळ वाढले, एवढेच.

नियमांवर विसंबून राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९५६ च्या नियमांत पुढे ६१-अ हा नियम आला आणि गळती ओळखून पुरवठा तोडणारे साधन आवश्यक ठरले. पण लो व्होल्टेजवरच्या पाच किलोवॅटच्या आतल्या जोडणीला त्यातून सूट होती. म्हणजे बंगल्याला संरक्षण आणि चाळीतल्या खोलीला सूट, जिथे मोरी, स्वयंपाक आणि बोर्ड हाताच्या अंतरावर असतात. पुढे त्या जुन्या नियमांची जागा २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी घेतली आणि २०२३ मध्ये ते पुन्हा नव्याने आले. २०१० च्या विनियमांत चालू जोडण्यांची पाच वर्षांच्या आत तपासणी व्हावी असेही होते. नवी जोडणी घेताना कागद पाहिले जातात. साठ वर्षांपूर्वीच्या जोडणीच्या दारात मात्र मी तरी कुणाला मेगर घेऊन उभे राहिलेले पाहिले नाही. गृहनिर्माण संस्था आणि चाळ समित्या जसे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतात, तसे विजेचेही करून घ्यावे, आणि खोलीखोलीत जाऊन 'टी' दाबून पाहावे. त्याला आदेशाची वाट कशाला हवी?

एक उत्तर मला जवळजवळ प्रत्येक घरात मिळते: "आता रिडेव्हलपमेंट होणारच आहे, उगाच पैसे कशाला घालायचे?" काही इमारतींत हे मी त्यांच्या वडिलांकडून ऐकले, आता मुलांकडून ऐकतो. त्यांना मी एवढेच सांगतो की आरसीसीबी आणि एमसीबी डब्यात पट्टीवर नुसते अडकवलेले असतात. वायरी सोडवल्या आणि पेचकसाने खालची चिमटी ओढली की सुटून हातात येतात. ट्रान्झिटच्या, म्हणजे पुनर्बांधणीपुरत्या तात्पुरत्या खोलीत जाताना लोक पंखे, गिझर, अगदी पडद्यांच्या दांड्यासुद्धा काढून नेतात. त्याच पिशवीत हेही मावतात. फक्त तिकडे ते परवानावाल्याकडून लावून घ्यावेत आणि लावण्याआधी तिकडचे अर्थिंग तपासून घ्यावे.

माझे नाव आपल्याकडे कळवले आहे, पण छापू नये ही विनंती. जाहिरात केल्यासारखे वाटेल, आणि पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या हातात आधीच पुष्कळ कामे आहेत.

आपला,
एक परवानाधारक वायरमन
गिरगाव, मुंबई